'ळ' आधी कानाला शिकवा

उर्दू माध्यमाच्या मुलांचे मराठी सुधारावे म्हणून आपण त्यांना आणखी स्वाध्याय देतो. पण उर्दूत 'ळ' नाही. मूल 'वेळ'ला 'वेल' म्हणते, तेव्हा त्याला तो फरक ऐकूच येत नसतो. 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' वेगळा, हे तर लिपीही दाखवत नाही. 'जरा'मधला 'ज' मात्र ही मुले सहज म्हणतात, कारण तो उच्चार उर्दूत आहे.

म्हणून मोबाइलवर प्रत्येक मुलाचे मिनिटभर वाचन रेकॉर्ड करावे. आधी शिक्षकाचा आवाज, मग त्याचा स्वतःचा, असे त्याला ऐकवावे. महिन्याने तोच उतारा पुन्हा घ्यावा.

आपल्याला हे नवे नाही. कारींची तिलावत ऐकत, मागोमाग म्हणत आपण मखारिज शिकतो. अरबी 'ऐन'साठी घेतो ते कष्ट मराठी 'ळ'साठी का नकोत?

एकच अट. हे रेकॉर्डिंग वर्गासमोर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर वाजवू नये. एकदा हसे झाले की मूल मराठी बोलणेच सोडते. पुढे एसटीत, दवाखान्यात, कचेरीत ते गप्प राहते. आणि लोक म्हणतात, यांना मराठी नकोच आहे.