कुंडावरचे पाहुणे

आमच्या भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची सहल तुमच्यापैकी काहींनी केली असेल. तानसा नदीच्या काठावर आणि पात्रात तेथे गरम पाण्याचे झरे आहेत. ते ज्वालामुखीमुळे तापतात असे कोणी सांगितले तर खुशाल हसा. आपल्याकडचा लाव्हा निवून सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली! पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते. दर किलोमीटर खोलीमागे खडकाचे तापमान साधारणतः २५ ते ३० अंश सेल्सियसने वाढते. तेथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगांतून वर येते, एवढीच किमया. मात्र हा ओघ मर्यादित असतो. रविवारी माणसे दहापट आली म्हणून झरा दहापट वाहत नाही.

येणारी माणसे तरी एकसारखी कोठे असतात? कोणी देवीच्या दर्शनाला येतो. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी बांधविलेले हे देऊळ. कोणी दुखरे गुडघे घेऊन कुंडात मुकाट्याने बसतो. १९७० च्या दशकात गणेशपुरीच्या आश्रमात परदेशी साधक महिनोन्‌महिने राहत. आणि कोणी मोटारीने येऊन, पाण्यात साबण फासून, बाटल्या टाकून संध्याकाळी मुंबईला परततो.

हा फरक स्वभावाचा, असे आपण चटकन म्हणतो. मला ते पटत नाही. ज्याला उद्याही त्याच टपरीवर चहा प्यायचा आहे तो सांभाळून वागतो. ज्याला सहा तासांत निघायचे आहे, त्याला गावाचे तोंड पुन्हा बघायचे नसते. एकच माणूस दोन्ही प्रकारांनी वागू शकतो.

गावाला यातून पैसा मिळतो, हे खरे. पण तो लॉजवाल्याला आणि दुकानदाराला. ज्याचे दुकान नाही त्याच्या वाट्याला फक्त गर्दी. त्यात गंमत अशी, की याच तानसा नदीवर वरच्या अंगाला धरण बांधून मुंबईने १८९२ पासून पाणी नेले आहे!

माझे मत स्पष्ट आहे. कुंडांची सकाळ गावकऱ्यांसाठी राखून ठेवावी, आणि वाहनतळाच्या पैशांतून कुंडे साफ व्हावीत.

हे मत मला पुस्तकातून मिळालेले नाही. एका हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन मी अकलोलीला गेलो होतो. तापमापी, दोरी, वह्या असा सगळा सरंजाम. पाऊण तास आम्ही कुंडाला गराडा घालून बसलो होतो. आम्ही काही सहलीला आलेलो नाही, शास्त्रीय कामाला आलो आहोत, अशी माझी समजूत! मागे पायरीवर एक म्हातारबाबा खांद्यावर पंचा टाकून केव्हाचे उभे होते. अखेर ते म्हणाले, “मास्तर, तुमचा मोजून झाला काय? मंग मी उतरतो आंघोळीला.”