हेल्मेट वाटले म्हणजे सुरक्षा झाली नाही



नंदिनी नगरची ओळख चुनखडीच्या खाणीची. इथलाच दगड रेल्वेने भिलाईच्या भट्ट्यांपर्यंत गेला. शिकवल्याशिवाय माणसाला खाणीत कामाला लावू नये, असे १९६६ च्या प्रशिक्षण नियमांनी ठरवले. ही कोणाची मेहेरबानी नव्हती. त्याआधी खाणकामगारांच्या पिढ्यांनी जीव गमावले होते. मग खाणीच्या फाटकाबाहेर चेनसॉ घेऊन झाडावर चढणाऱ्या ठेका मजुराला कोणी शिकवायचे?

पावसाळ्याआधी रस्त्याकडेला फांद्या छाटणारा असा एक पोरगा मी पाहिला. कमरेला साधा दोर, पायात चपला, एका हाताने फांदी धरलेली, दुसऱ्या हातात चालू मशीन. खाली मुकादम ओरडत होता, "चल, लवकर!" कारण पैसे झाडामागे ठरलेले. पोरगा खाली उतरला की त्याची मजुरी बुडाली.

अपघात झाला की कागदावर येते, "मजुराचा निष्काळजीपणा". हे साफ खोटे आहे! चेनसॉ दोन्ही हातांनीच धरावा लागतो. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडावर येते. एका हाताने ते आवरत नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, तर शरीर पक्के बांधलेले हवे. एकच दोर असला आणि तोच साखळीने कापला गेला तर? म्हणून आधार दोन हवेत, त्यातला एक तारेचा गाभा असलेला. खाली दुसरा शिकलेला माणूस हवा, वर अडकलेल्याला उतरवू शकेल असा. हे सगळे मजुराने घरून आणायचे काय?

आमच्या रेल्वेत २५,००० व्होल्टच्या तारेपासून दोन मीटरच्या आत काम करायचे तर आधी वीज बंद, हातात लेखी परवाना, मगच काम. तिथे "सांभाळून कर" एवढ्यावर भागत नाही. मग झाडावर कसे भागते?

कायम कामगारांनो, "तो ठेक्याचा माणूस" म्हणून मान फिरवू नका. ठेका मजुरांसाठी लढणाऱ्या शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी याच भिलाईत हत्या झाली. ते विसरून चालणार नाही.

आमची मागणी सरळ आहे. प्रशिक्षण, दोन आधार आणि खालचा माणूस यांचा खर्च निविदेतच धरा. मजुरी झाडामागे नको, दिवसावर द्या. धोका दिसताच खाली उतरणाऱ्याचा एक पैसाही कापू नका.

साधन नाही, तर चढणे नाही!

कामगार एकजूट झिंदाबाद!