‘संशोधनात सिद्ध झालंय!’ पण कोणत्या?

गेल्या महिन्यात पन्नाशीचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. रोज पंधरा-वीस सिगारेटी. सोडा म्हटलं, तर खिशातून बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांची स्ट्रिप काढून म्हणाले, "डॉक्टर, हे अँटिऑक्सिडंट सुरू केलंय. यानं कॅन्सर टळतो, संशोधनात सिद्ध झालंय."

मला राग त्यांचा नाही आला. ‘एका संशोधनानुसार’ असं लिहून मोकळं होणाऱ्यांचा आला. त्यात आम्ही डॉक्टरही आलो.

आहारावरचं प्रत्येक संशोधन सारख्या वजनाचं नसतं. मुख्य प्रकार असे:

१. देशादेशांची तुलना: अमुक देशात मासे जास्त खातात, तिथे हृदयविकार कमी. पण जे निरोगी राहिले तेच मासे खाणारे होते का, हे यातून कळत नाही.

२. केस-कंट्रोल: आजारी आणि निरोगी माणसांना मागचं खाणं विचारायचं. मागच्या मंगळवारी रात्री काय जेवलात, आठवतंय? इथे तर काही वर्षांपूर्वीचं सांगायचं असतं.

३. कोहॉर्ट: निरोगी लोकांचा आहार आधी नोंदवायचा आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा करायचा. हा अधिक भक्कम. पण फळं-भाज्या भरपूर खाणारा माणूस बहुधा चालायलाही जातो, सिगारेटही कमी ओढतो. मग श्रेय भाजीचं की चालण्याचं? आकडेमोडीने हे वेगळं काढतात, पण पूर्णपणे निघत नाही.

४. रँडमाइज्ड ट्रायल: जणू चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी. चिठ्ठीला कुणाच्या सवयी माहीत नसतात, त्यामुळे बाकी सगळं दोन्हीकडे साधारण सारखं वाटलं जातं.

आता बीटा कॅरोटीनची गोष्ट. पहिल्या तीन प्रकारच्या अभ्यासांत ते भरपूर खाणाऱ्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर कमी दिसत होता. म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर ट्रायल झाली. १९९४ साली निकाल आला: बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त! अमेरिकेत १८,३१४ जणांवर (धूम्रपान करणारे, पूर्वी करणारे आणि ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेले कामगार) बीटा कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व एकत्र देऊन ट्रायल चालू होती. तिथे कॅन्सर २८ टक्के आणि मृत्यू १७ टक्के जास्त निघाले. १९९६ मध्ये ती ठरल्या वेळेच्या २१ महिने आधी थांबवावी लागली.

म्हणजे गाजर-पालक खाणारे निरोगी होते, हे खरंच होतं. त्यांच्यातलं एक रसायन काढून गोळीत भरलं की तोच फायदा मिळेल, हा निष्कर्ष चुकला. धूम्रपान करणाऱ्याला तर तो जिवावर बेतणारा ठरला.

कुणी म्हणेल, "सिगारेटचं नुकसानही ट्रायलशिवायच कळलं ना?" बरोबर. १९५० साली डॉल आणि हिल यांनी ते केस-कंट्रोल अभ्यासातूनच दाखवलं. पण तिथे धोका दहापट आणि त्याहूनही जास्त होता, आणि पुढचे अभ्यास तेच सांगत गेले. आहाराच्या बातम्यांत फरक बहुतेक वेळा दहा-वीस टक्क्यांचा असतो. एवढा फरक इतर सवयींमुळेही पडू शकतो. जन्मभराच्या जेवणाची ट्रायल करणं जवळपास अशक्य आहे, हेही मान्य. मग निदान ‘सिद्ध झालं’ म्हणू नका, ‘संबंध दिसला’ म्हणा.

वाचकहो, पुढची बातमी पुढे ढकलण्याआधी तीन प्रश्न विचारा. अभ्यास कोणत्या प्रकारचा? तो माणसांवर झाला का, आणि किती? धोका ‘इतके टक्के वाढला’ म्हणजे मुळात होता किती? उत्तरं बातमीत नसतील, तर तिच्या भरवशावर औषध सुरू करू नका आणि चालू औषध बंदही करू नका.

त्या गृहस्थांच्या गोळ्या मी बंद केल्या. सिगारेट अजून सुटलेली नाही. प्रयत्न चालू आहेत.