शिक्षणाचे दुसरे दार आपल्या विहारातून उघडावे

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांत गुणवंतांचे सत्कार होतात. ते झालेच पाहिजेत. पण त्याच वस्तीत, धाकट्या भावंडांची फी भरता यावी म्हणून आठवी-नववीतच शाळा सोडून कामाला लागलेली माणसेही राहतात. आज ती तिशी-चाळिशीत आहेत. त्यांच्या शिक्षणाचा प्रश्न आपल्या बैठकांमध्ये क्वचितच निघतो.

2011 च्या जनगणनेत बौद्धांची साक्षरता सुमारे 81 टक्के होती, तर देशाची सुमारे 73 टक्के. हे अंतर आंबेडकरी चळवळीने कमावले आहे. मात्र जनगणनेच्या दृष्टीने सात वर्षांवरील ज्याला समजून लिहिता-वाचता येते तो साक्षर. चौथीतून शाळा सोडलेलाही त्यात येतो आणि पदवीधरही. नोकरीच्या अर्जावर मात्र दहावीचे प्रमाणपत्र मागतात. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते, पण त्याच्या हाती झाडू येणार की कार्यालयातले टेबल, हे बऱ्याच अंशी त्याच्या शिक्षणावर ठरते. शिवाय आई पुन्हा अभ्यासाला बसली की घरातल्या मुलांच्या अभ्यासालाही वळण लागते. शाळेच्या पालकसभेत आणि सरकारी कचेरीत ती न बिचकता प्रश्न विचारू लागते.

अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करणे आपल्या परंपरेला नवे नाही. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये बाबासाहेबांना लंडनमधील अभ्यास सोडून परतावे लागले. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून कर्ज घेतले आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तेव्हा ते 29 वर्षांचे होते, संसारी होते. 1923 मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. पुढे 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा नोकरदारांना शिकता यावे म्हणून त्यांनी सकाळचे वर्ग ठेवले. त्याही आधी, 1855 मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी शेतकरी-कामगारांसाठी रात्रशाळा काढली होती.

आजचे चित्र संमिश्र आहे. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयापुरताच आहे. 15 वर्षांवरील निरक्षरांसाठी केंद्राचा 'उल्लास' कार्यक्रम 2022 ते 2027 या काळासाठी आखला आहे, पण प्रत्यक्ष शिकवण्याचा भार स्वयंसेवकांवर आहे. शाळा अर्धवट सुटलेल्यांना 17 नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत वयाची वरची अट नाही. बारावीनंतर 1989 पासून चालणारे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे.

म्हणजे दार आहे, पण दारापर्यंतची वाट अवघड आहे. 2017 मध्ये राज्य सरकारच्या एका निर्णयाने दिवसा एका शाळेत आणि रात्री दुसऱ्या शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांची रात्रशाळांतील सेवा संपवली. त्याचा फटका दिवसभर राबून वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांना बसला. अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीला 35 वर्षांची वयोमर्यादा आहे. तेहेतिसाव्या वर्षी बारावी झालेली बहीण पदवीधर होईल, तेव्हा ती मर्यादा ओलांडलेली असेल. शिकणारा तरुण आणि पूर्णवेळ मोकळा असतो, हे गृहीत धरूनच बहुतेक योजना आखल्या जातात. ज्यांचे शिक्षण गरिबीमुळे आणि जातीमुळे तुटले, त्यांनाच पुन्हा वयाची अट आडवी येते. सामाजिक न्यायाच्या धोरणात हे बसत नाही. म्हणून खंड पडलेल्यांसाठी वयाची सवलत, रात्रशाळांना पुरेसे शिक्षक आणि परीक्षा शुल्काची माफी या मागण्या आपण लावून धरल्या पाहिजेत.

पण शासनाची वाट पाहत बसण्याचीही गरज नाही. आपल्या बहुतेक विहारांचे दरवाजे संध्याकाळच्या वंदनेनंतर बंद होतात. त्याच जागेत आठवड्यातून चार संध्याकाळी दोन तासांचा वर्ग भरू शकतो. वस्तीतल्या पदवीधरांनी गणित आणि इंग्रजी वाटून घ्यावे, कारण मोठे विद्यार्थी बहुधा या दोन विषयांतच अडतात. शाळा सोडल्याचा दाखला शोधणे, ऑनलाइन अर्ज भरणे, शेवटची तारीख सांभाळणे ही कामे कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावीत. आईच वर्गात येणार असेल तर तिच्या लेकरांना सांभाळायला कोणीतरी हवे, याचीही सोय करावी. 'घरबसल्या हमखास पास' अशा जाहिरातींपासून लोकांना सावध करावे. मान्यता नसलेल्या मंडळाचे प्रमाणपत्र पैसेही घालवते आणि वर्षही.

सुरुवात यादीपासून करू. येत्या रविवारी आपल्या वस्तीत घरोघरी जाऊन एकच विचारायचे: कुणाची शाळा कितवीत सुटली? पुढच्या जयंतीच्या सत्कारात त्या यादीतली दोन-चार नावे असावीत. टाळ्या वाजवायला त्यांचीच मुले पुढे बसलेली असतील.