ताट रिकामं परत जात नसे

रमजान आला की एका रात्री सहकुटुंब नागपूरच्या मोमिनपुऱ्याला जाऊन यायचं, अशी रीत माझ्या ओळखीतल्या काही वर्धेकर घरांत पडली आहे. अंतर पाऊणशे किलोमीटरचं. घरून न जेवता निघायचं आणि पोटभर खाऊन मध्यरात्री परतायचं. मुंबईकर याच हौसेनं महंमद अली रोडवर, मिनारा मशिदीच्या गल्लीत मालपुवा खायला जातात. रीत चांगलीच आहे. पण ‘बघा, खाण्यानं माणसं कशी जोडली जातात’ हे जे वाक्य परतीच्या वाटेवर हमखास ऐकू येतं, ते मला पटत नाही.

दोन वर्षांपूर्वी मुलगा, सून आणि नातीबरोबर मीही गेलो होतो. मोमिनपुरा ही मुळात विणकरांची वस्ती. रमजानात रात्रीची तरावीहची नमाज आटोपली की तिथला रस्ता फुलून येतो आणि पार सहेरीपर्यंत जागा राहतो. निखाऱ्यांवरचे सीख कबाब, शिरमालच्या चळती, शेवयांचे ढीग, थंडगार फिरनी. नातीनं फिरनीच्या दोन वाट्या संपवल्या. माझं लक्ष मात्र, जन्म बँकेत गेल्यामुळे, गल्ल्याकडे. महिनाभराचा हंगामी धंदा. पण त्यात गुंतलेले हात किती! दूध खेड्यातल्या गवळ्याचं, टरबुजं नदीच्या वाळूतल्या डांगरवाडीची, कोळसा आणखी कोणाचा, बर्फ आणखी कोणाचा. यातला कुठला रुपया कुठल्या धर्माचा, हे निष्णात हिशेबनिसालाही सांगता यायचं नाही. ‘त्यांच्याकडून काही घेऊ नका’ असे निरोप मोबाइलवरून फिरवणाऱ्यांनी एकदा या बाजाराचा जमाखर्च मांडून पाहावा.

तरीही बाजार तो बाजारच. पैसे दिले, वाटी खाली ठेवली, व्यवहार संपला. कोणी कोणाचं देणं लागत नाही. शेजाराचं तसं नसतं. तिथलं खातं कधी बंद होत नाही, आणि ते बंद होत नाही म्हणूनच शेजार टिकतो.

माझं लहानपण याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेलं. ईदच्या सकाळी मागच्या आळीतल्या चाचींकडून क्रोशाच्या रुमालानं झाकलेलं ताट यायचं. त्यात शिजवलेला शिरखुर्मा नसे. कोऱ्या शेवया, साखर, खारका आणि खोबरं असा कोरडा शिधा असे, कारण माझ्या आजीला त्यांच्या हातचं चालत नव्हतं. हे चाचींना ठाऊक होतं. त्या काळाला सोनेरी मुलामा द्यायची माझी इच्छा नाही. तो विटाळच होता आणि तो गेला हे उत्तम झालं. पण ते ताट आमच्याकडून कधी रिकामं परत गेलं नाही. दिवाळीत चिवडा-अनारसे जायचे. काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी. ताटाबरोबर बातमी जायची-यायची. कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाचा बैल गेला, कोण आजारी आहे. अडीअडचणीला कोणाचं दार वाजवायचं, हे त्या ये-जा करणाऱ्या ताटामुळे आधीच ठरलेलं असे.

नोकरीतली एक आठवण सांगतो. १९८६ साली रमजान ऐन मे महिन्यात आला होता. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं. आपण अधिक महिना, म्हणजे धोंड्याचा महिना, घालून ते ऋतूंशी जुळवून घेतो. हिजरी कालगणनेत तसं करत नाहीत. म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. तर विदर्भातला तो मे, आणि आमच्या शाखेतले रोखपाल रोजाला. दिवसभर पाण्याचा घोट नाही. नोटा मोजायला ओल्या स्पंजावर बोट टेकवत, पण ते बोट चुकूनही ओठाकडे जात नसे. कोणीही न सांगता त्या महिन्यात आमचा चहा मागच्या खोलीत गेला. रोख जुळायला उशीर झाला तर एखादा सहकारी मदतीला बसे आणि म्हणे, ‘भाई, तुम्ही निघा, रोजा सुटायची वेळ झाली.’ रात्रीच्या बाजारात फिरनी दिसते. त्या फिरनीआधीचा दिवस दिसत नाही. तो पाहायला सोबत काम करावं लागतं, शेजारी राहावं लागतं.

वर्ध्याला हे नवं नाही. १९३४ साली तुरुंगातून सुटलेल्या खान अब्दुल गफारखानांना सरहद्द प्रांतात आणि पंजाबात जायला सरकारनं बंदी केली, तेव्हा ते वर्ध्यालाच येऊन राहिले, जमनालाल बजाजांचे पाहुणे म्हणून. डिसेंबरात त्यांना पुन्हा अटक झाली, तीही वर्ध्यातच. वैष्णव मारवाड्याच्या घरी पठाण पाहुणा! पाहुणा आणि गिऱ्हाईक यांत जे अंतर आहे, तेच मला सांगायचं आहे.

आज गावोगाव नवे लेआउट पडले आहेत. यांचे वेगळे, त्यांचे वेगळे. घर भाड्यानं देताना आधी आडनाव विचारलं जातं. ताटाला जायला वाटच उरली नाही, तिथे पाऊणशे किलोमीटरवरचा बाजार ती उणीव कशी भरून काढणार?

तेव्हा मोमिनपुऱ्याला जरूर जा, मुलांना घेऊन जा, फिरनी खाऊ घाला. पण तुमच्या कचेरीत, मुलांच्या शाळेत, दोन गल्ल्या पलीकडे कोणी रोजा धरत असेल तर एखाद्या संध्याकाळी चार खजूर किंवा आपल्या गोरस भांडाराचा गोरसपाक घेऊन त्यांच्या दारी जा. त्यांचं ताट ईदला तुमच्याकडे येईल. ते परत करताना घरात जे असेल ते त्यात ठेवा, आणि द्यायला मुलांनाच पाठवा.