खर्च मोजला, तो कुणासाठी?

नागपूरहून मानेवाड्याच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले, की शहर कोठे संपले आणि बेसा कोठे सुरू झाले, हे आता कळत नाही. जेथे शेते होती तेथे बहुमजली इमारती उभ्या आहेत आणि इमारतींच्या पाठोपाठ खासगी इंग्रजी शाळांच्या बसगाड्या आल्या आहेत. गावाची बेसा-पिपळा नगरपंचायत झाली. येथील जमिनीचा भाव कोणताही दलाल चौरस फुटाच्या हिशेबाने तोंडपाठ सांगेल. पण याच इमारती बांधणाऱ्या मजुराच्या मुलाला सरकारी शाळेत नीट शिकवावयाचे, तर वर्षाला किती रुपये लागतात? हा हिशेब शाळाशाळांच्या गरजेवरून मांडावा आणि त्यावरून अनुदान ठरवावे, अशी रीतच आपल्या राज्यकर्त्यांनी पाडलेली नाही.

कुणी म्हणेल, हिशेब तर आहे. खासगी शाळांनी पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्यात, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. त्या मुलांपोटी सरकार शाळांना प्रतिपूर्ती देते. सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांवरील वर्षाचा आवर्ती खर्च तेथील मुलांच्या संख्येने भागावयाचा. येणारा आकडा आणि शाळेची प्रत्यक्ष फी यांत जे कमी असेल ते द्यावयाचे. महाराष्ट्राने हा दर १७,६७० रुपये ठरविला, २०२०-२१ या करोनाच्या वर्षासाठी तो ८,००० वर आणला आणि पुढे पुन्हा १७,६७० वर नेला. त्या वर्षी सरकारी शिक्षकांचे पगार काही निम्मे झाले नव्हते. मग हा आकडा खर्चाचा म्हणावा, की सोयीचा? आणि त्याहून मोठा प्रश्न असा, की मुलामागचा खर्च सरकारने मोजला तो खासगी संस्थाचालकांचे देणे ठरविण्यासाठी! आपल्या स्वतःच्या शाळांना काय द्यावे हे ठरविण्यासाठी असे मोजमाप करावे, हे त्याच्या मनातही आलेले दिसत नाही.

शिवाय झालेला खर्च निराळा आणि लागणारा खर्च निराळा. उपाशी ठेवलेल्या माणसाच्या ताटातले घास मोजून ‘माणसाला एवढेच अन्न पुरते’ असा सिद्धांत कुणी मांडला, तर आपण त्याला वेड्यात काढू. शिक्षणाच्या अंदाजपत्रकात मात्र हीच रीत शहाणपणाची ठरते. गेल्या वर्षी पद रिक्त होते, म्हणून खर्च कमी. खर्च कमी, म्हणून गरज कमी!

लागणारा खर्च काढणे अवघड नाही. कायद्याच्या अनुसूचीत यादी तयार आहे: साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, दर शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, क्रीडांगण, कुंपण, ग्रंथालय. यादीपुढे फक्त किमती लिहावयाच्या आहेत. शिक्षकाचा पगार भत्त्यांसह महिना ५०,००० रुपये धरू. दोघांचे वर्षाचे १२ लाख झाले. साठ मुलांत वाटले तर मुलामागे २०,०००. म्हणजे खडूची पहिली पेटी घेण्याआधीच सरकारी दर मागे पडला. इतर गोष्टींची तऱ्हा काय? साठ मुलांच्या शाळेला केंद्राच्या निकषाने मिळणारे संयुक्त शाळा अनुदान वर्षाला २५,००० रुपये, मुलामागे ४१७. गणवेशाच्या दोन जोडांना मिळून ६०० रुपये. ही रक्कम कोणत्या बाजारात भाव विचारून ठरविली, ते सरकारने एकदा सांगावे.

आता त्याच शाळेत वीसच मुले आहेत असे समजा. मुलामागे खर्च होतो ६०,०००. गुरुजी तेच, पगार तोच. बदलले ते केवळ वस्तीचे आकारमान. पण सरासरीच्या चष्म्यातून पाहणाऱ्या अधिकाऱ्याला मेळघाटातील कोरकू वस्तीची शाळा ‘न परवडणारी’ दिसू लागते. वीस व त्याहून कमी पटाच्या चौदा हजारांवर शाळा राज्यात आहेत, आणि त्यांच्या जागी समूह शाळा उभारण्याचा जो विचार २०२३ साली पुढे आला, तो याच चष्म्यातून. बेसासारख्या शहराच्या वेशीवर हाच चष्मा दुसरी चूक करतो. बांधकामावरच्या मजुराचे मूल वर्षाच्या मध्यात येते, काम संपले की जाते. त्याची घरची भाषा छत्तीसगढी असते किंवा गोंडी. त्याला अधिक वेळ आणि अधिक शिक्षक लागतात. सरासरीत मात्र ते केवळ एक डोके ठरते. सर्वांना सारखे देणे म्हणजे न्याय नव्हे; ज्याची वाट लांब, त्याची शिदोरी मोठी, हा न्याय.

ही स्वप्नाळू माणसांची मागणी नव्हे. ब्राझीलमध्ये २०२० साली उजव्या विचारांचे सरकार असतानाही तेथील संसदेने घटनादुरुस्ती केली आणि दर्जेदार शिक्षणासाठी मुलामागे लागणारा खर्च ही संकल्पना थेट राज्यघटनेत घातली. तेथील शिक्षणनिधीच्या वाटपात ग्रामीण व आदिवासी शाळांतील मुलांना अधिक भारांक असतो.

‘पैसा नाही’ हे उत्तर आम्ही जुने ओळखतो. शेतकऱ्याच्या कष्टातून तिजोरी भरते आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गावर खर्च होतो, हे १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे मांडले होते. १९११ साली गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, तेव्हा सरकारने दोन वाटे आणि स्थानिक संस्थांनी एक वाटा उचलावा, असा खर्चाचा मेळही घातला होता. १९१२ साली ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. १९६६ साली कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के मागितले. ते आजवर मिळालेले नाहीत. २००४ पासून केंद्र शिक्षणाच्या नावाने उपकर घेत आहे. नागपूरचा घरमालक १९६२ च्या राज्य कायद्यानुसार शिक्षण उपकर भरतो. पैसा नाही कसा?

पैसा उभा करण्याची सरकारची तऱ्हाही पाहा. सप्टेंबर २०२३ मध्ये शाळा दत्तक देण्याची योजना निघाली. तीत ग्रामीण भागातील शाळेला पाच वर्षांसाठी ५० लाख किंवा दहा वर्षांसाठी एक कोटी किमतीचे साहाय्य देणाऱ्याचे नाव शाळेच्या नावाला जोडण्याची सोय आहे. शाळेवरच्या पाटीची किंमत सरकारला रुपयांत ठाऊक आहे, शाळेची नाही!

यावर आक्षेप येतो, की पैसा ओतून शिक्षण सुधारत नाही, शिक्षक शिकवीत नाहीत. कामचुकार शिक्षकाची पाठराखण आम्ही करणार नाही. त्याच्याकडून हिशेब घेतलाच पाहिजे. पण हिशेब मागण्याचा अधिकार देणे चुकते करणाऱ्याला असतो. पद न भरता, खोली न बांधता, गुरुजींना निवडणुकीच्या कामाला जुंपून वर त्यांनाच जाब विचारणे हा ढोंगीपणा आहे.

तेव्हा करावयाचे काय? कायद्याच्या २२ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समितीला शाळा विकास आराखडा करण्यास सांगितले आहे, आणि तोच अनुदानाचा पाया असेल असेही म्हटले आहे. बहुसंख्य पालकांच्या या समितीच्या हाती इतके धारदार शस्त्र असून ते म्यानातच गंजत आहे. बेसा परिसरातील पालकांनी ते बाहेर काढावे. पुढच्या तीन वर्षांत मुले किती, शिक्षक किती, खोल्या किती, त्यांना रुपये किती, हे एका कागदावर मांडून तो कागद जिल्हा परिषदेच्या दारी न्यावा आणि शाळेच्या भिंतीवरही लावावा. मंजूर रक्कम त्याच्या शेजारी लिहावी. दोन आकड्यांमधील अंतर हे त्या मुलांचे सरकारवर असलेले कर्ज होय. ते दान म्हणून मागावयाचे नाही. वसूल करावयाचे आहे.