उन्हातला पतंग

तळेगावच्या (श्यामजी पंत) शिवारात पतंग म्हटलं की संत्रा बागायतदाराच्या कपाळावर आठी पडते. आंबिया बहाराची फळं रंगावर आली की अंधार पडल्यावर रसशोषक पतंग बागेत उतरतो. बहुतेक पतंगांची सोंड मऊ, फुलातला मध ओढण्यापुरती. याची मात्र टोकदार आणि दातेरी. साल भोसकून तो रस पितो, छिद्रातून बुरशी शिरते आणि फळ सडून गळतं. म्हणून संध्याकाळी बागेत धूर करायचा, गळलेली फळं वेचून पुरायची, बांधावरची गुळवेल आणि वासनवेल काढायची. त्याची अळी त्याच वेलींवर वाढते.

त्याच बांधावर भर उन्हात खुळखुळ्याच्या झाडांपाशी दुसरा एक पतंग उडत असतो. पंख पसरून जेमतेम दीड इंच, पांढऱ्यावर लाल-काळे ठिपके. बघणारा त्याला हमखास फुलपाखरू समजतो. मिशा बघाव्यात: फुलपाखराच्या मिशीला टोकाशी गाठ असते, याची दोऱ्यासारखी सरळ. १७५८ मध्ये लिनियसने नोंदवलेला हा उटेथाइसा पुल्चेला.

रसशोषक पतंग दिवसा वाळक्या पानासारखे पुढचे पंख मिटून लपतो. पाखरांच्या नजरेतून सुटण्याची बहुतेक पतंगांची हीच रीत. उटेथाइसाला लपायची गरजच नाही. त्याची अळी खुळखुळा आणि ताग खाते, त्यांतलं कडू विष अंगात साठवते आणि पंख फुटल्यावरही ते विष टिकून राहतं. लाल ठिपके ही पाखरांना दिलेली उघड ताकीद आहे. याच्या अमेरिकी भाऊबंदावर कॉर्नेल विद्यापीठात थॉमस आइस्नर यांनी वर्षानुवर्षं काम केलं. तिथे मीलनाच्या वेळी नर मादीला आपल्यातलं विष देतो आणि ती ते अंड्यांत उतरवते. बाप पिल्लांना जन्माआधीच संरक्षण देऊन जातो, हे वाचल्यापासून मी या ठिपक्यांकडे फार आदराने बघतो.

जगात पतंगांच्या सुमारे १,६०,००० जाती नोंदल्या आहेत, फुलपाखरांच्या अठरा हजारांच्या आसपास. एवढ्या मोठ्या कुळाला एका रसशोषकाच्या गुन्ह्यावरून ओळखणं मला अन्यायाचं वाटतं. तागाचं बी धरणाऱ्याला उटेथाइसाची अळी खुपेल, शेंगा पोखरते ती. संत्र्याला मात्र तिचा काहीच उपद्रव नाही. तेव्हा बांध साफ करताना गुळवेल, वासनवेल खुशाल काढा. खुळखुळ्याची चार झाडं तेवढी राहू द्या.